वडिलांचा बंद फ्लॅट आधी भाड्याने द्या, पुनावळेचं नंतर बघा

तुम्ही विचारलंय की पुण्यात कोथरूडला स्वतःचं घर आहे, दोघंही नोकरीत आहात, वीस-बावीस लाख साठलेत आणि पुनावळेला काम चालू असलेल्या एका स्कीममध्ये ७० लाखांचा टू बीएचके घेऊन तो भाड्याने द्यायचा विचार आहे, तर हप्ता भाड्यातून निघेल का. आणि मग जाता जाता लिहिलंय की वडिलांचा धनकवडीत जुना वन बीएचके आहे पण तो बंदच असतो, भाडेकरू घुसला की निघत नाही अशी वडिलांना भीती आहे. मला तर तुमच्या सगळ्या प्रश्नात हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. पण आधी पुनावळेचं गणित करून टाकू, म्हणजे डोक्यातून जाईल.

गेली वीसेक वर्षं मी आमचे स्वतःचे तीन फ्लॅट आणि परदेशात असलेल्या नातेवाइकांचे काही फ्लॅट भाड्याने देते, सांभाळते, भाडेकरू शोधण्यापासून नळ दुरुस्तीपर्यंत सगळं. त्या अनुभवावरून सांगते, ७० लाख ही फ्लॅटची किंमत नसतेच, तो बोर्डावरचा आकडा असतो. पुनावळे पिंपरी-चिंचवड हद्दीत येतं, तिथे स्टँप ड्युटी ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. रजिस्ट्रेशनचे ३० हजार. काम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी ५ टक्के, साडेतीन लाख. झाले ७८ लाख ७० हजार, आणि यात किचन ट्रॉली नाही, पंखे नाहीत, गीझर नाही, खिडक्यांना जाळ्या नाहीत, सोसायटीची सुरुवातीची मेंटेनन्सची रक्कम नाही, तेवढं धरलं की ८२ च्या आसपास जाता. बँक कर्ज देते ते फ्लॅटच्या किमतीवर, या रकमेला साधारण ८० टक्क्यांपर्यंत, आणि स्टँप ड्युटी-रजिस्ट्रेशन तुमच्याच खिशातून. ५५ लाख कर्ज घेतलं तरी ट्रॉली-पंखे वगैरे सोडूनच घरातून साडेतेवीस-चोवीस लाख घालावे लागणार. म्हणजे तुमची सगळी बचत संपून वर दोन लाख कमीच पडतात. (फ्लॅट एकट्या मिसेसच्या नावावर घेतलात तर स्टँप ड्युटी १ टक्का कमी लागते, ७० हजार वाचतात, हे बऱ्याच जणांना ऐनवेळी कळतं. पण जॉइंट नावात नवरा आला की ती सवलत नाही.)

आता हप्ता. ५५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरा, हप्ता ४७ हजार ७०० च्या पुढे. भाडं चांगलं २५ हजार धरू, पुण्यात मेंटेनन्स बहुतेक वेळा मालकच भरतो, त्याचे साडेतीन हजार काढा, हातात साडेएकवीस. म्हणजे दर महिन्याला २६ हजार तुम्ही खिशातून घालणार आणि तेसुद्धा पझेशन मिळाल्यावर, तोपर्यंत भाडं शून्य आणि बँकेचं व्याज चालू. वर्षाचा हिशोब केलात तर ३ लाख भाड्यातून मेंटेनन्सचे ४२ हजार, प्रॉपर्टी टॅक्स, एखादा रिकामा महिना, एजंटची फी, रंगकाम-दुरुस्ती असं वजा जाता दोन लाख उरले तरी नशीब. ८२ लाखांवर दोन लाख म्हणजे अडीच टक्केसुद्धा नाही. बँकेतली एफडी यापेक्षा जास्त देते आणि एफडीचा नळ गळत नाही.

याचा अर्थ घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. पुण्यात फ्लॅटमधून पैसा झालेले लोक मी पाहिलेत, पण तो किंमत वाढून झाला, भाड्यातून नाही, आणि ज्यांना मधल्या काळात हप्त्याने दम लागला नाही त्यांचाच झाला. भाड्याने हप्ता निघतो हे वाक्य सेल्स ऑफिसमध्ये फार ऐकू येतं, पण साध्या फ्लॅटच्या बाबतीत ते खरं व्हायला निम्म्याहून खूप जास्त रक्कम तुमची स्वतःची लागते. दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने गेली तरी दोन्ही घरं चालतील एवढी रक्कम बाजूला ठेवून जर हे जमत असेल तर विचार करा. आज तुमच्या आकड्यात ते जमत नाही.

टॅक्सचंही आत्ताच सांगते कारण वाचेल या आशेवर खूप जण उडी मारतात. भाड्याच्या उत्पन्नातून आधी तुम्ही भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा होतो, मग उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, त्याला पावत्या लागत नाहीत, आणि मग कर्जाचं व्याज वजा होतं. तुमच्या बाबतीत पहिल्या पूर्ण वर्षाचं व्याजच साडेचार लाखांच्या पुढे जाईल, म्हणजे कागदावर तोटा. जुन्या रेजीममध्ये (इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत) हा तोटा पगारातून २ लाखांपर्यंत वजा करता येतो, नव्या रेजीममध्ये पगारातून एक रुपयासुद्धा वजा होत नाही. आणि आता पगारदार मंडळी बहुतेक नव्या रेजीममध्ये आहेत. तेव्हा सीएला आधी विचारा, मग बिल्डरला.

आता धनकवडी. वडिलांची भीती खोटी नाहीये, ती एका काळाची आहे. त्यांच्या पिढीने पेठांमधले वाडे बघितलेत, जिथे १९४७ च्या भाडे कायद्याखाली भाडेकरू दोन-तीन पिढ्या राहिले, भाडं दोन आकडी रुपयांत अडकलं, मालकाला छपराची कौलं बदलणंही परवडेना आणि शेवटी वाडाच पडला. तो इतिहास डोक्यात असेल तर कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट सेफ वाटणारच. पण आज आपण फ्लॅट देतो तो भाडेपट्ट्याने नाही, लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे राहायची परवानगी, ठरावीक मुदतीपुरती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून, आणि त्याच्या कलम २४ मध्ये मालकाला मुदत संपल्यावर ताबा परत मिळायची वेगळी वाट दिलेली आहे. माणूस मुदतीनंतर बसून राहिला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, दिवाणी कोर्टाच्या नेहमीच्या रांगेत जायचं नाही, आणि तो जेवढे दिवस बसेल तेवढ्या दिवसांचं भाडं दुप्पट दराने मागता येतं. भाडेकरूला तिथे आपली बाजू मांडायलासुद्धा आधी परवानगी मागावी लागते. त्यात लेखी करार हा निर्णायक पुरावा धरतात. वडिलांना हे कलम नीट वाचून दाखवा, खरंच, शेजारी बसून. माझ्या ओळखीत अशा चार-पाच घरांची कुलपं एवढ्यावरच निघाली आहेत.

पण हे सगळं करार रजिस्टर असेल तरच, आणि इथेच पुण्यात अजूनही गोंधळ आहे. अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही, नोटरी केली की झालं, असं अगदी शिकलेले लोक सांगतात. दुसऱ्या राज्यांत असेल तसं, महाराष्ट्रात नाही. आपल्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर पाहिजे, मुदत कितीही असो, आणि ते करायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध करायचं तुम्ही. तो म्हणाला भाडं पाच हजार ठरलं होतं, की बसा पुरावे शोधत. थोडे पैसे वाचवायला नोटरी करणारे मालक पाहिले की मला खरंच वाईट वाटतं, कारण जी भीती त्यांना असते ती खरी व्हायची सोय ते स्वतःच करून ठेवतात.

आणि खर्च किती? धनकवडीच्या वन बीएचकेला १४ हजार भाडं आणि ४० हजार डिपॉझिट धरा. स्टँप ड्युटी ही पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. अकरा महिन्यांना येतात ४०० रुपये. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १ हजार, ऑनलाइन कराराचे हँडलिंगचे ३००, आणि घरी येऊन आधारवर अंगठे घेणाऱ्या एजंटची जी काय फी असेल ती. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसला जावंसुद्धा लागत नाही, वडिलांनी सोफ्यावर बसून अंगठा द्यायचा. तीन वर्षांचा करार केलात तर स्टँप ड्युटी १,३०० च्या आसपास, पण रजिस्ट्रेशन फी आणि एजंट एकदाच. मी चांगला भाडेकरू असला तर दुसऱ्या वेळेपासून दोन-तीन वर्षांचाच करार करते, त्यातच दरवर्षी किती टक्के वाढ ते लिहिते, एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंनी लिहिते, म्हणजे दर वर्षी बसून घासाघीस नको. पहिल्या वेळी मात्र अकरा महिनेच ठेवा, माणूस कळू दे.

करार वडिलांच्या नावाने व्हायला हवा, फ्लॅट त्यांचा आहे, भाडंसुद्धा त्यांच्याच खात्यात. तुम्ही सांभाळत असलात तरी. यात फायदाही आहे, कारण पेन्शन धरून त्यांचं उत्पन्न तुमच्यापेक्षा बरंच कमी असणार, वर्षाचं १ लाख ६८ हजार भाडं त्यांच्या उत्पन्नात आलं आणि त्यातून ३० टक्के गेले तर कदाचित टॅक्स लागणारही नाही. भाडं रोख घेऊन लपवायच्या भानगडीत पडू नका, वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असलं की जुन्या रेजीममधला भाडेकरू एचआरएच्या (घरभाडे भत्त्याच्या) सवलतीसाठी ऑफिसमध्ये मालकाचा पॅन देतोच, आणि ते बरोबरच आहे.

भाडेकरू निवडणं हा यातला खरा कामाचा भाग आणि याला लोक सगळ्यात कमी वेळ देतात. सगळा जीव कशात, तर १४ ऐवजी १५ कसे मिळतील यात. अहो, एक महिना फ्लॅट रिकामा राहिला की १४ हजार गेले, आणि हजार रुपये जास्त देणारा माणूस ते भरून काढायला सव्वा वर्ष घेणार. म्हणून माझं धोरण असं की बाजारभावापेक्षा पाचशे-हजार कमी सांगायचं, म्हणजे चार लोक बघायला येतात, आणि त्या चारांतून निवडायचं. एकच आला तर निवड कसली.

धनकवडीला तुम्हाला कोण येतील ते बघा. भारती विद्यापीठाची मुलंमुली, तिथल्या हॉस्पिटलचे शिकाऊ डॉक्टर आणि नर्सेस, सातारा रोडवर दुकानं-ऑफिसात नोकरी करणारी जोडपी, स्वारगेटपर्यंत मेट्रो आल्यापासून शिवाजीनगर-पिंपरीकडे कामाला जाणारेसुद्धा. आणि एक गट आहे ज्याच्याकडे लोकांचं लक्ष नसतं, रिडेव्हलपमेंटला गेलेल्या सोसायट्यांमधली कुटुंबं. सहकारनगर, बिबवेवाडी, तुमच्या कोथरूडला तर गल्लोगल्ली चालू आहे. ही माणसं स्वतः घरमालक असतात, भाडं बिल्डर देतो, त्यांना दोन-अडीच वर्षं एकाच जागी राहायचं असतं आणि जुनी शाळा-जुना भाजीवाला सोडायचा नसतो. यांच्याइतकं घर जपणारे भाडेकरू मला दुसरे मिळालेले नाहीत. जवळच्या कुठल्या सोसायटीचं काम निघतंय ते चौकशी करून तिथल्या सेक्रेटरीकडे निरोप ठेवा, एजंटसुद्धा लागणार नाही.

बॅचलर मुलांना देऊ नका असा सरसकट सल्ला मिळेल, मी तो देणार नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या मुली आणि नोकरीला लागलेली मुलं दोन्ही राहिलीत आणि भाड्याला एक दिवस उशीर नाही. फक्त जेवढे राहणार तेवढ्या सगळ्यांची नावं करारात पाहिजेत, एकाच्या नावावर करार आणि आत पाच जण हे नको. पालकांशी फोनवर एकदा बोला. आणि सोसायटीचं वातावरण आधी बघा, वरच्या मजल्यावर सेक्रेटरी राहत असतील तर तुम्हालाच रोज फोन.

माणूस बघायला येतो तेव्हा मी काय बघते ते सांगते. मागच्या वर्षी कर्वेनगरच्या फ्लॅटसाठी एकाच संध्याकाळी दोन जोडपी आली. पहिल्या गृहस्थांनी आल्या आल्या भाडं किती कमी होईल विचारलं, आत न बघताच सहा महिन्यांचं भाडं एकदम देतो म्हणाले, कधी येणार तर उद्याच. आत्ताचं घर का सोडताय विचारलं तर तीन वेगळी उत्तरं मिळाली. दुसऱ्या बाई सरळ किचनमध्ये गेल्या, नळ सोडून पाणी बघितलं, पाणी किती वाजता येतं विचारलं, ड्राय बाल्कनीच्या जाळीवर वाटीभर पाणी ओतून ते जातंय का पाहिलं, मग बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या इथे वॉशिंग मशीन बसेल. मी त्याच क्षणी ठरवलं. ज्याला त्या घरात राहायचंय तो पाणी बघतो, ज्याला कुठून तरी पळायचंय तो चावी बघतो. तरी नुसत्या अंदाजावर देऊ नका, नोकरीचं पत्र किंवा तीन पगाराच्या स्लिप, आधार, पॅन, आणि आधीच्या मालकाचा नंबर घ्या आणि त्यांना खरोखर फोन करा. भाडं किती ते विचारायची गरज नाही, एकच विचारा, परत दिला असता का यांना. उत्तर द्यायच्या आधी ते किती थांबतात त्यावरूनच समजतं.

ऑनलाइन जाहिरात टाकलीत तर एक सावधगिरी. मी लष्करात आहे, पुण्याला बदली झालीये, घर न बघताच डिपॉझिट पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा असा फोन येईल. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. वडिलांचा नंबर जाहिरातीत देऊ नका, तुमचा द्या.

फ्लॅट द्यायच्या आधी त्यात एक रविवार घालवा. बरीच वर्षं बंद घर म्हणजे नळाचे वॉशर सुकलेले असतात, फ्लशची टाकी गळते, वायरिंग जुनं असेल तर गीझर लावला की एमसीबी पडतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, आरसीसीबी (करंट गळला की लाइट लगेच तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, बाथरूममध्ये गीझर आणि ओले हात हा विषय आहे, इथे पैसे वाचवायचे नाहीत. साधा डिस्टेंपर, चालू पंखे, ट्यूबा, दोन चांगले कुलपं, बाथरूमला व्यवस्थित कडी. महागडं फर्निचर टाकू नका, वन बीएचकेला त्याचं भाडं वसूल होत नाही आणि सोडताना भांडणं त्याच्यावरूनच होतात.

चावी देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, भिंती, टाइल्स, सिंकच्या खाली, खिडक्यांचे काचा, आणि लाइट मीटरचं रीडिंग तारखेसकट. हा व्हिडिओ त्याच दिवशी भाडेकरूला व्हॉट्सॅपवर पाठवा म्हणजे दोघांकडे एकच पुरावा. महावितरणचं बिल वडिलांच्या नावावरच राहू द्या पण बिलाचा मेसेज भाडेकरूच्या आणि तुमच्या दोन्ही नंबरला गेला पाहिजे अशी सोय करा, नाहीतर तीन महिने बिल थकतं आणि मीटर कापल्यावर कळतं. पाइप गॅस असेल तर सोडून जाताना शेवटचं बिल बाकी असतं, तेवढे पैसे राखून डिपॉझिट द्यायचं असं करारातच लिहा.

डिपॉझिट पुण्यात दोन-तीन महिन्यांचं घेतात, तेवढंच घ्या, पण ते खर्च करू नका. वेगळं ठेवा, एफडीत टाका. माणूस चावी देईल त्या दिवशी व्हिडिओ लावून घर बघायचं, काय तुटलंय ते तिथेच ठरवायचं आणि पैसे परत करायचे. खिळ्याची दोन भोकं आणि किचनमधला थोडा तेलकटपणा हे राहण्याचं असतं, नुकसान नाही. एका सोसायटीत एका मालकाने अडीच वर्षं राहिलेल्या कुटुंबाचं अर्धं डिपॉझिट रंगकामाच्या नावाखाली ठेवून घेतलं, ती बातमी त्या सोसायटीच्या ग्रुपवरून सगळ्या परिसरात गेली आणि पुढचे कितीतरी महिने एजंटच माणूस आणेनात. नीट वागणं इथे पैशातसुद्धा परत येतं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं पुण्यात अजिबात टाळू नका, ऑनलाइन होतं, फोटो आणि आधार लागतं, त्याची पावती जपून ठेवा. परदेशी विद्यार्थ्याला दिलंत तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्मवर (पूर्वीचा सी फॉर्म) भरायची असते आणि तीही मालकानेच.

सोसायटीचं बघा. भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं, सोबत रजिस्टर कराराची आणि पोलिसांच्या पावतीची कॉपी द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारा आकार, सोसायटी घेऊ शकते पण किती ते १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशात ठरलेलं आहे, सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, आणि सेवा शुल्क म्हणजे सगळं मेंटेनन्स बिल नाही, महापालिकेचे टॅक्स त्यात धरायचे नाहीत. सेवा शुल्क १,५०० असेल तर दीडशे रुपये. कमिटीवाले सरसकट हजार-दीड हजार मागतात, तेव्हा तो आदेश दाखवा, पण गोड बोलून दाखवा, कारण उद्या लिफ्टमधून सामान न्यायला त्यांचीच मदत लागणार आहे.

महापालिकेचा एक मुद्दा मात्र तुमच्या गणितात नक्की धरा. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला प्रॉपर्टी टॅक्समध्ये ४० टक्के सवलत आहे, मध्यंतरी ती काढली होती, २०२३ मध्ये परत आली, त्यासाठीच तो पीटी-३ फॉर्म भरून घेत होते. भाड्याने दिलेल्या घराला ती सवलत नाही. वडिलांच्या बिलात ती लागलेली असेल तर भाड्याने दिल्यावर टॅक्स वाढणार, ते धरून भाडं ठरवा.

एवढं करूनही एखादा महिना भाडं आलं नाही तर? पाचव्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी व्हॉट्सॅपवर लेखी, महिना गेला की वकिलाची नोटीस. ओळख झालीये म्हणून तीन महिने गप्प बसू नका. आणि रागाच्या भरात लाइट तोडणं, पाणी बंद करणं, बाहेरून कुलूप घालणं हे कधीच नाही, त्याच भाडे कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अत्यावश्यक सेवा तोडणं मालकाला मना आहे, तुमची बाजू शंभर टक्के खरी असली तरी त्या दिवसापासून तुम्ही आरोपी होता. कलम २४ ची वाट आहे, तिने जा.

हे सगळं धनकवडीच्या फ्लॅटवर एक-दीड वर्ष केलंत की तुम्हाला कळेल हे काम आपल्याला झेपतं का, रात्री साडेदहाला पाणी येत नाही म्हणून फोन आला तर आपण चिडतो का. भाड्याचा पैसा साठेल तो वेगळा. मग दुसरा घ्यायचा असेल तर माझं मत सांगते, भाड्यासाठी घ्यायचा तर तयार आणि लहान घ्या. रिसेलला जीएसटी नाही, भाडं पहिल्या महिन्यापासून, आणि पाणी-पार्किंग-शेजार डोळ्यांनी बघता येतं. वारजे, कर्वेनगर, बिबवेवाडी, धनकवडीतले जुने वन बीएचके दिसायला साधे असतात पण रिकामे राहत नाहीत. पुढेमागे रिडेव्हलपमेंट झाली तर फायदाच, पण त्याच्या भरवशावर जास्त किंमत देऊ नका. याउलट शहराच्या कडेला मोठमोठ्या टॉवरमध्ये एकाच वेळी शेकडो फ्लॅटचं पझेशन मिळतं आणि त्यातले निम्मे तुमच्यासारख्याच गुंतवणूकदारांचे असतात, सगळे एकाच महिन्यात भाडेकरू शोधतात, भाडं पडतं. वर उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो. बघायला जाल तेव्हा मे महिन्यात जा आणि वॉचमनला विचारा दिवसाला किती टँकर येतात.

कागद बघताना भोगवटा पत्र (बिल्डिंगमध्ये राहायला दिलेली परवानगी), सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीये का, शेअर सर्टिफिकेट, आधीच्या सगळ्या व्यवहारांचे इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), आणि वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च. धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वाघोली अशी २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेली गावं आहेत, तिथे चांगल्या स्कीमही आहेत आणि गुंठा-दोन गुंठ्यांवर परवानगी न घेता उभ्या केलेल्या बिल्डिंगाही, फ्लॅट निम्म्या किमतीत मिळतो, भाडंही बरं येतं, आकडे इतके छान दिसतात की मोह होतो. घेऊ नका. बँक कर्ज देत नाही यातच सगळं आलं, विकायला जाल तेव्हा तुमच्याकडून घेणाऱ्यालाही बँक देणार नाही.

पुनावळेला टोकन दिलं असेल तर घाबरू नका, त्याची पावती आणि बुकिंग फॉर्म काढून रद्द करायची अट काय लिहिलीये ते आज रात्रीच वाचा. महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून पझेशनची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते बघा. आणि करार रजिस्टर झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, त्यामुळे कितीही ऑफर संपत आली म्हणाले तरी त्याच्या वर एक रुपया देऊ नका.